अल्बर्ट, उंदीर आणि आपलं ‘कंडिशनिंग’



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय ‘अभिजात अभिसंधान : एक पुनर्विचार’ असा छापला आहे. नाव भारदस्त आहे, त्याला माझा इलाज नाही. मला खरं म्हणजे एका चौदा पानांच्या निबंधाबद्दल बोलायचं आहे. जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर या दोघांनी तो लिहिला आणि फेब्रुवारी १९२० मध्ये तो ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल सायकॉलॉजी’ या नियतकालिकात आला. मानसशास्त्राचं पहिलं पाठ्यपुस्तक उघडलेल्या प्रत्येकाला त्याची गोष्ट ठाऊक असते. निबंध मात्र फारसा कुणी वाचत नाही. आमच्या वेळी महाविद्यालयात तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र एकाच विभागात, बहुधा एकाच माणसाकडे असायचं, त्यामुळे ही गोष्ट मीही वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो.

आज हे काढायचं कारण वेगळं आहे. अलीकडे कुठल्याही वादात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘तुमचं कंडिशनिंग झालंय.’ देवळात जाणाऱ्याला न जाणारा हे ऐकवतो, आणि न जाणाऱ्याला जाणाराही ऐकवतो, की तुम्ही इंग्रजी शिक्षणाने कंडिशन झालेले आहात. मुलगी आईला म्हणते, सून सासूला म्हणते, विद्यार्थी प्राध्यापकाला म्हणतात. एकदा हे वाक्य टाकलं, की समोरचा काय म्हणतोय, ते खरं आहे की खोटं, हे तपासायची गरज उरत नाही. त्याचं म्हणणं हे म्हणणंच राहत नाही, ती त्याची लाळ होते. कुत्र्याच्या लाळेशी कोण वाद घालणार? या एका शब्दाला एवढा अधिकार आला कुठून, ते मला पाहायचं आहे. त्यातला बराचसा त्या चौदा पानांतून आला, असं माझं मत आहे.

आधी गोष्ट, जशी सांगितली जाते तशी. अल्बर्ट नावाचं अकरा महिन्यांचं बाळ. त्याला पांढरा उंदीर दाखवला, ते घाबरलं नाही. मग तो उंदराला हात लावायला गेला की पाठीमागे पोलादी कांब हातोडीने ठोकायची. दचकून तो रडायचा. असं काही वेळा केल्यावर नुसता उंदीर दिसला तरी अल्बर्ट रडू लागला. पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट, कापूस, दाढीवाल्या सांताक्लॉजचा मुखवटा, अशा साऱ्या पांढऱ्या-केसाळ वस्तूंना तो घाबरू लागला. म्हणून भीती ही शिकवलेली असते. सिद्ध. पुढचा धडा.

आता निबंध काय सांगतो ते बघा.

अल्बर्टची आई रुग्णालयात दाई म्हणून कामाला होती, दुसऱ्यांच्या तान्ह्या मुलांना अंगावर पाजायचं काम. त्यामुळे हे मूल जन्मापासून बहुतेक तिथेच वाढलं. त्याची निवड का केली? तो शांत, थोराड, सहसा न रडणारा होता, म्हणून त्याला फारशी इजा होणार नाही, असं लेखकद्वय म्हणतं. आपल्याला थोडा संकोच वाटला होता, हेही ते नोंदवतात, आणि मग स्वतःची समजूत घालतात, की रुग्णालयाच्या सुरक्षित खोलीतून मूल घरच्या धकाधकीत गेलं की अशा भीती त्याला लागणारच आहेत. मूल कधीतरी पडणारच आहे, तेव्हा आपण ढकललं तर काय बिघडलं, असा हा युक्तिवाद आहे! आईला विचारलं होतं का, याबद्दल निबंधात एक अक्षर नाही.

मग प्रयोग. अकरा महिने तीन दिवसांचा असताना दोनदा कांब ठोकली, आठवड्याने पाचदा. सात वेळांनंतर उंदीर पाहून तो रडला, कलंडला आणि इतक्या वेगाने रांगत सुटला की टेबलाच्या कडेला कसाबसा पकडावा लागला. इथपर्यंत गोष्ट बरोबर आहे. पाच दिवसांनी ससा, कुत्रा, कोट वगैरे दाखवले, तेव्हाही तो कमीजास्त अस्वस्थ झाला. आणखी पाच दिवसांनी मात्र उंदराबद्दलची प्रतिक्रिया मंदावलेली दिसते. तेव्हा वॉटसन-रेनर काय करतात? पुन्हा कांब ठोकतात, भीती ताजी करण्यासाठी. एवढंच नव्हे, त्याच दिवशी सशाबरोबर आणि कुत्र्याबरोबरही ठोकतात. म्हणजे ज्या सशाची आणि कुत्र्याची भीती उंदरावरून ‘पसरली’ असं पुढे म्हणायचं आहे, त्यांच्याशीच आवाज थेट जोडून टाकला. यानंतरच्या चाचणीत ससा पाहून तो रडला, तर ते सामान्यीकरण म्हणायचं की नवं अभिसंधान? तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा इथे हात वर करील.

त्याच दिवशी अल्बर्टला त्या छोट्या खोलीतून मोठ्या व्याख्यानगृहात नेलं. तिथे त्याची भीती कमी झालेली दिसली. ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते, तिच्याकडे परत येऊ.

दुसरी एक नोंद आहे. अल्बर्टने अंगठा तोंडात घातला की त्याच्यावर कशाचाच परिणाम होत नसे. उंदीर असो की ससा, अंगठा चोखणारं बाळ स्वस्थ. मग हवी ती प्रतिक्रिया मिळवण्यासाठी प्रयोगकर्त्यांना त्याचा अंगठा पुनःपुन्हा तोंडातून काढावा लागला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, त्या प्रामाणिकपणाचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण पाठ्यपुस्तकांतून हा अंगठा गायब झाला. भीती यंत्रासारखी चालते म्हणावं, तर यंत्राचं बटण बाळाच्या स्वतःच्या मुठीत होतं, आणि ते तिथून ओढून काढल्यावर यंत्र चाललं.

शेवटची चाचणी एक वर्ष एकवीस दिवसांचा असताना, महिनाभराच्या खंडानंतर. उंदीर अंगाकडे येऊ लागला तरी तो लगेच रडत नाही. सशाला आधी पायाने दूर लोटतो आणि मग हात पुढे करून शिवतोही. यावरून लेखक निष्कर्ष काढतात, की तीव्रता काहीशी घटली तरी अशा प्रतिक्रिया टिकतात, आणि पुढे जाऊन म्हणतात की त्या बहुधा आयुष्यभर टिकत असाव्यात. एका मुलावरून, एका महिन्यावरून, मधे ताज्या करून घेतलेल्या भीतीवरून, ‘आयुष्यभर’! भीती काढून टाकायची संधी मिळाली नाही, कारण त्याच दिवशी अल्बर्टला रुग्णालयातून नेण्यात आलं, अशी हळहळ ते व्यक्त करतात. १९७९ मध्ये बेन हॅरिस या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की मूल जाणार हे त्यांना महिनाभर आधी ठाऊक होतं. याच हॅरिसने पाठ्यपुस्तकंही तपासली आणि ती बघण्यासारखी निघाली. कुणी अल्बर्टचं वय बदललं, कुणी त्याला मांजर आणि टेडी बेअरचीही भीती वाटायला लावली, काहींनी तर शेवट गोड करून टाकला, की नंतर वॉटसनने त्याची भीती घालवली. पुराणात उपकथानकं कशी शिरतात, याचा विज्ञानातला हा नमुना.

निबंधाच्या शेवटी फ्रॉइडवाद्यांची टिंगल आहे. वीस वर्षांनी हा अल्बर्ट केसाळ कोटाला घाबरतो म्हणून एखाद्या मनोविश्लेषकाकडे गेला, तर तो त्याच्या बालपणातली कुठली तरी लैंगिक कहाणी उकरून काढील, अशी. विनोद चांगला आहे. मला वाटतं, निबंध खरं तर या विनोदासाठी लिहिला गेला. वॉटसनने १९१३ मध्येच आपला जाहीरनामा मांडला होता, की मानसशास्त्राने जाणिवेची भाषा सोडावी आणि वर्तनापुरतं बोलावं. त्याला मुलाची भीती समजून घ्यायची नव्हती, त्याला एक खटला जिंकायचा होता. त्याच वर्षी त्याला विद्यापीठ सोडावं लागलं, वेगळ्या कारणाने, आणि तो जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीत गेला.

आता पावलोव्हकडे एक मिनिट, कारण वॉटसन त्याच्या नावावर बोलतो. पावलोव्हला १९०४ चं नोबेल पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं, कुत्र्यांच्या लाळेवरून आलेल्या या सिद्धान्तासाठी नव्हे. घंटा हेही त्याचं नेहमीचं साधन नव्हतं. मेट्रोनोम, हार्मोनियम, बझर अशा गोष्टी तो अधिक वापरी, हे डॅनिएल टोड्सने २०१४ च्या चरित्रात तपशिलाने दाखवलं आहे. पण मला महत्त्वाचा वाटतो तो शब्द. पावलोव्हचा रशियन शब्द ‘उस्लोव्नी’. त्याचा अर्थ ‘अटींवर अवलंबून असलेला’. इंग्रजीत त्याचं ‘कंडिशनल’ व्हायला हवं होतं, रूढ झालं ‘कंडिशन्ड’. एका प्रत्ययाचा फरक, पण केवढा! पहिला शब्द म्हणतो, ही प्रतिक्रिया अमुक अटी असतील तर येईल. दुसरा म्हणतो, या प्राण्यावर संस्कार करून झालेला आहे, काम तमाम. ‘तुमचं कंडिशनिंग झालंय’ या वाक्यातलं ‘झालंय’ या दुसऱ्या शब्दातून आलं आहे. आपल्याकडच्या परिभाषाकारांनी ‘अभिसंधान’ निवडला, त्याची तर गंमतच आहे. संस्कृतात अभिसंधी म्हणजे हेतू, मनात धरलेला उद्देश. ज्या सिद्धान्ताला हेतू नावाची वस्तू नकोच होती, त्याला आपण हेतूचंच नाव दिलं.

माझ्या मते पावलोव्हच्या शब्दाला आपल्याकडे तयार शब्द होता : सोपाधिक. नैयायिकांचं जुनं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी. संबंध दिसतो सार्वत्रिक, पण गुपचूप एका अटीवर उभा असतो. आता अल्बर्टकडे पुन्हा बघा. खोली बदलली, भीती उतरली. अंगठा तोंडात गेला, भीती गेली. उंदीर आणि भीती यांच्यातला संबंध सोपाधिक होता, आणि उपाधी वॉटसनच्या स्वतःच्या टिपणातच पडलेल्या होत्या. पावलोव्हला हे चांगलं कळत होतं. अन्नाशिवाय नुसता मेट्रोनोम ऐकवत गेलं की लाळ थांबते, आणि काही काळ जाऊ दिला की ती आपोआप थोडी परत येते. म्हणजे विलोपन म्हणजे पुसून टाकणं नव्हे, हे त्याने ओळखलं होतं. १९२४ साली लेनिनग्राडला पूर आला, प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत बुडता बुडता वाचले, आणि नंतर त्यांतल्या काहींच्या पक्क्या झालेल्या प्रतिक्रिया विस्कटल्या. हे त्याने टाळलं नाही, त्याचाच अभ्यास केला.

पुढचं संशोधन याच दिशेने गेलं. रॉबर्ट रेस्कॉर्ला याचा १९६८ चा प्रयोग घ्या. उंदरांच्या दोन गटांना सूर ऐकवायचा आणि त्या काळात विजेचे झटके द्यायचे, दोन्ही गटांना सारखेच. फरक एवढाच, की एका गटाला सूर नसतानाही त्याच प्रमाणात झटके मिळतात. जोड्या दोघांच्या सारख्या. वॉटसनच्या हिशोबाने भीतीही सारखी हवी. प्रत्यक्षात दुसऱ्या गटाला सुराची भीती वाटतच नाही. का वाटावी? सूर काहीच सांगत नाही. आमच्या परिभाषेत सांगायचं तर नुसतं सहचारदर्शन पुरत नाही, व्यभिचाराचं अदर्शनही लागतं. अन्वयाबरोबर व्यतिरेकही हवा. ह्यूमने १७३९ मध्ये सवयीवर सारा भार टाकला, तेव्हा त्याला सहचाराची पुनरावृत्ती पुरेशी वाटली होती. उंदीर ह्यूमपेक्षा नैयायिकांच्या जवळचे निघाले म्हणायचे! लिऑन केमिनने याच सुमारास दुसरी गोष्ट दाखवली. आवाजानंतर झटका येतो हे उंदराला पक्कं कळल्यावर आवाजाबरोबर दिवाही लावू लागलात, तर दिव्याबद्दल तो जवळजवळ काहीच शिकत नाही. जे आधीच कळलं आहे ते पुन्हा सांगून काय उपयोग? याला आपल्याकडे सिद्धसाधन म्हणतात आणि तो दोष मानतात.

जॉन गार्सियाने तर मुळावरच घाव घातला. १९६६ चा प्रयोग. उंदराला पाणी प्यायला दिलं, त्याला चव होती, आणि पिताना दिवा लागे, आवाजही होई. काहींना त्यानंतर मळमळ होईल अशी व्यवस्था केली, काहींना झटका दिला. मळमळ झालेले उंदीर चव टाळू लागले, दिवा-आवाज नव्हे. झटका बसलेले दिवा-आवाज टाळू लागले, चव नव्हे. कुठलंही उद्दीपक कुठल्याही प्रतिक्रियेशी सारखंच जोडता येतं, हा सिद्धान्ताचा कणा होता. तो इथे मोडला. अल्बर्टला लागू करून बघा. एल्सी ब्रेगमनने १९३४ मध्ये पंधरा बाळांवर तसाच प्रयोग केला, पण लाकडी ठोकळे आणि पडदे घेऊन. भीती बसली नाही. म्हणजे बारा सुदृढ मुलं माझ्या हाती द्या, हवा तो डॉक्टर, हवा तो चोर घडवून देतो, ही वॉटसनची नंतरची प्रसिद्ध बढाई लाकडी ठोकळ्यापाशीच अडते.

इथे माझ्या क्षेत्रातल्या मित्रांना एक सावधगिरी सांगायला हवी, कारण त्यांना हे ऐकून आनंद होतो. उंदीर अनुमान करतो, म्हणजे जाणीव परत आली, वर्तनवाद मेला, असं लगेच म्हणू नका. रेस्कॉर्ला आणि वॅग्नर यांनी १९७२ मध्ये एक छोटं समीकरण मांडलं. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या फरकाएवढंच शिकणं होतं, असं ते सांगतं. केमिनचे उंदीर त्यात नीट बसतात, आणि समीकरण काही न्यायशास्त्र शिकलेलं नाही. व्याप्तिग्रहासारखं दिसणारं काम व्याप्ती न समजताही होऊ शकतं. माझी उपमा उपमाच आहे. तिचा उपयोग एवढाच, की ‘जोडी पडली की झालं’ ही समजूत तिने सुटते.

मग त्या वाक्याचं काय? मी असं म्हणत नाही की कंडिशनिंग खोटं आहे. ते फार खरं आहे. इलीन बर्नस्टाइनने १९७८ मध्ये कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांना औषधाआधी एका वेगळ्या चवीचं आइस्क्रीम दिलं. औषधाने मळमळ झाली आणि नंतर त्यांतल्या बऱ्याच मुलांना ते आइस्क्रीम नकोसं झालं. केमोथेरपी घेतलेल्या माणसाला विचारा, रुग्णालयाचा नुसता वास आला तरी पोटात ढवळतं. उलटी औषधाने होते हे त्याला चांगलं ठाऊक असतं, वासाने होत नाही हेही ठाऊक असतं. माहितीने काही फरक पडत नाही. ही खरी अभिसंधित प्रतिक्रिया : तिला कारणं सांगून उपयोग नसतो, आणि ती कारणं देतही नाही. आइस्क्रीम नको म्हणणारं मूल ‘आइस्क्रीम वाईट असतं’ असा दावा करत नसतं.

माणसांवर आणखी एक प्रयोग आहे, हुग्डाल आणि ओह्मान यांचा, १९७७ चा. चित्र दाखवायचं, सौम्य झटका द्यायचा, त्वचेला येणारा घाम मोजायचा. मग झटक्याच्या तारा काढून टाकायच्या आणि सांगायचं, आता झटका येणार नाही. ज्यांना वर्तुळं-त्रिकोण दाखवले होते त्यांची प्रतिक्रिया तिथल्या तिथे ओसरली. साप आणि कोळी पाहिलेल्यांची ओसरली नाही. म्हणजे त्वचेच्या घामातसुद्धा काही भाग शब्द ऐकतो आणि काही ऐकत नाही! मग एखाद्याचं सगळं मत, त्यामागच्या दाखल्यांसकट, ‘कंडिशनिंग’ या एका पोत्यात भरायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मी सोपी चाचणी सुचवतो. समोरच्याला त्याच्या मताची कारणं विचारा. ती खोडून दाखवा. त्यावर तो विचारात पडला, मत थोडं बदललं, किंवा उलट त्याने तुमचंच खंडन केलं, तर तिथे वाद चालू आहे; तुम्ही त्यात हरूही शकता. कारणं संपल्यावरही मत जागचं हललं नाही, तर मग बघू. मात्र ही चाचणी स्वतःवर आधी करावी लागते, कारण जर सगळंच कंडिशनिंग असेल, तर ‘तुमचं कंडिशनिंग झालंय’ हे वाक्यही त्यातलंच ठरतं आणि ते ऐकून घ्यायचं कुणाला काही कारण उरत नाही. बोलणाऱ्याने स्वतःला गुपचूप वगळलेलं असतं. वॉटसनच्या निबंधात हातोडी कुणाच्या हातात आहे यावर चर्चा नाही, तसंच.

वेळ थोडा उरला आहे, एक निबंध आणखी सांगतो, कारण तो कमी वाचला जातो. मेरी कव्हर जोन्स, १९२४. पीटर नावाचा मुलगा, तिथे पाहिलं तेव्हा दोन वर्षं दहा महिन्यांचा, सशाला घाबरणारा. त्याला कुणी प्रयोगासाठी घाबरवलं नव्हतं, तो तसाच आला होता. जोन्सबाईंनी त्याला सशाला न घाबरणाऱ्या मुलांमध्ये खेळायला बसवलं. सशाचा पिंजरा रोज थोडा जवळ. मधेच पीटरला स्कार्लेट ताप आला, दोन महिने तो बाहेर राहिला. परत येताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सगळी प्रगती मागे गेली. मग त्याच्या आवडीचं खाणं देत, ससा दूर ठेवून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी ससा त्याची बोटं कुरतडू लागला तरी तो बसून राहिला. मुलाचं घर, तिथली माणसं, कुठला दिवस चांगला गेला, कुठला वाईट, हे सगळं त्या निबंधात आहे. वॉटसनचा सल्ला त्यांनी घेतला होता, पण लिहिण्याची रीत सर्वस्वी निराळी. अल्बर्टची चौदा पानं वाचून झाली की लगेच हा वाचावा. प्रश्न असतील तर आता घेऊ.